चूक कुठे आहे ते सांगा

संशोधनाचा पेपर छापायचा की नाही, हे त्याच विषयातले एक-दोन जाणकार तो वाचून सुचवतात आणि संपादक ठरवतो. या व्यवस्थेला पिअर रिव्ह्यू म्हणतात आणि वाचणाऱ्याला रेफरी. रेफरी कोण, हे लेखकाला बहुधा कधीच कळत नाही. त्याच्या हाती पडतात ते रेफरीचे शब्द. त्या शब्दांवर कुणाचं प्रमोशन अडतं, कुणाची पीएच.डी. लांबते आणि कुणाला आपल्या कामाची दिशा सापडते. तरीही रिपोर्ट कसा लिहावा हे आपल्याकडे फार कमी ठिकाणी शिकवतात.

पुढचा संवाद रचलेला आहे, त्यात आलेल्या ऐतिहासिक घटना मात्र घडलेल्या आहेत. बोलणारे दोघं चेन्नईतले मराठी आहेत. मामा गणिताचे निवृत्त प्राध्यापक, मुक्काम बेझंट नगर. बरीच वर्षं त्यांनी एका नियतकालिकाच्या संपादक मंडळावर काम केलं. भाची तरमणीच्या एका संस्थेत पोस्ट-डॉक करते. तिच्याकडे एक पेपर परीक्षणाला आला आहे, रिपोर्टचा कच्चा खर्डा झाला आहे आणि तो पाठवायच्या आधी तिला मामांशी बोलायचं आहे.

भाची : पेपर कुणाचा, कशावर, ते सांगणार नाही. फक्त माझी वाक्यं वाचते.

मामा : सांगूच नकोस. आलेला पेपर दुसऱ्याला दाखवायचा नसतो, मामालासुद्धा. वाच.

भाची : 'लेख रोचक असून विषय महत्त्वाचा आहे. तिसऱ्या विभागातील युक्तिवादाचा लेखकांनी पुनर्विचार केल्यास लेख अधिक समृद्ध होऊ शकेल.'

मामा : तिसऱ्या विभागात काय झालंय?

भाची : अनंत बेरीज आणि सीमा यांची अदलाबदल केली आहे. ती तिथे चालत नाही. मुख्य प्रमेय त्याच पायरीवर उभं आहे.

मामा : म्हणजे सिद्धता मोडली आहे, आणि तू लिहितेस 'समृद्ध होऊ शकेल'! अगं, हे वाचून लेखक एखादा परिच्छेद वाढवेल, दोन संदर्भ जोडेल आणि पेपर परत पाठवेल. संपादकालाही कळणार नाही की घर पडलंय की रंग उडालाय. मी असतो तर लिहिलं असतं, 'मुख्य निष्कर्ष चूक आहे, लेखकांना विश्लेषणाची पायाभूत माहिती नाही.' दोन ओळींत मामला खलास.

भाची : पहिली ओळ मला मान्य. दुसरी का हवी?

मामा : खरी आहे म्हणून. शब्दांना साखर लावण्यात रेफरीचा वेळ जातो आणि लेखकाची फसगत होते. गणितात चूक ती चूक, मग ती गोड आवाजात सांगा नाहीतर दरडावून सांगा.

भाची : पहिल्या ओळीत तुम्ही पेपर वाचला आहे आणि दुसरीत माणूस. माणूस तर तुमच्यासमोर नव्हताच. एका चुकीच्या पायरीवरून त्याला काय येतं आणि काय येत नाही, हे कसं ठरवलंत? समजा ठरवलंत, तरी त्या ओळीवर त्याने करायचं काय? पायरी दुरुस्त करता येते. 'तुला कळत नाही' याला काय दुरुस्त करणार?

मामा : तू ज्या गावात बसली आहेस तिथलंच उदाहरण घे. 1912 साली रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकून होता. त्याच्या कामाचं मोल काय, हे इथे कुणाला छातीठोकपणे सांगता येईना. तेव्हा मद्रास इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रिफिथने ते कागद लंडनला आपले जुने प्राध्यापक हिल यांच्याकडे पाठवले. हिलने पत्रात भीडभाड ठेवली नाही. माणसाला गणिताची आवड आहे, थोडीफार कुवतही आहे, पण तो भलत्याच वाटेला लागला आहे, असा त्याचा आशय. अपसारी श्रेढीच्या, म्हणजे ज्या अनंत बेरजेला ठरावीक उत्तर नसतं तिच्या, खड्ड्यात हा पडला आहे, हेही बजावलं. तेव्हाच्या मानाने तो एक रेफरी रिपोर्टच. त्याने काय बिघडलं? मूल्यमापन प्रामाणिक होतं.

भाची : त्या पत्रात दोन तऱ्हेची वाक्यं आहेत, मामा. एक तऱ्हा माणसाबद्दलची, कुवत थोडी आणि वाट चुकलेली. दुसरी तऱ्हा कामाबद्दलची. ब्रॉमविचचं अनंत श्रेढींवरचं पुस्तक वाच, लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीकडे पाठवायचं तर स्वच्छ लिही, ज्या चिन्हाचा अर्थ सांगितला नाहीस ते वापरू नकोस. यातलं रामानुजनच्या उपयोगी पडण्याजोगं काय होतं? पुस्तकाचं नाव आणि चिन्हांबद्दलची सूचना. फेब्रुवारी 1913 मध्ये तो केंब्रिजच्या गणितज्ञ हार्डीला लिहितो तेव्हा लंडनच्या प्राध्यापकाने ब्रॉमविच वाचायला सांगितल्याचं आवर्जून कळवतो. आणि कुवतीबद्दलचं वाक्य? ते तर मूळ रामानुजनला उद्देशून नव्हतंच. ते ग्रिफिथला लिहिलं होतं, ज्यांच्या हातात रामानुजनचं भवितव्य होतं त्यांच्या वाचनासाठी.

मामा : आज आपण त्याला 'संपादकासाठी गोपनीय मजकूर' म्हणतो.

भाची : तेच. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला उत्तर देता येत नाही असा मजकूर. शिवाय हिल चुकला होता. एक, दोन, तीन अशा सगळ्या नैसर्गिक संख्यांची बेरीज उणे एक-बारांश, हे त्याला खड्ड्यात पडणं वाटलं. हार्डीला त्यामागचं गणित ओळखू आलं. 'वाट चुकली' हा निकाल होता, आणि चुकीचा निकाल दुरुस्त करायला तो कशावर उभा आहे ते कळावं लागतं. श्रेढी अपसारी आहे, हे सांगणं बरोबर होतं. त्यावर वाद घालता आला असता.

मामा : तरी हिलच्या बाजूने एक सांगतो. त्याने कागद वाचले आणि उत्तर दिलं. केंब्रिजच्या दोन नामवंतांनी रामानुजनचे कागद काही न बोलता परत केले, असं सांगतात. संपादक म्हणून माझा अनुभव हाच आहे की कठोर रिपोर्टपेक्षा रिकामा रिपोर्ट वाईट. 'या नियतकालिकास योग्य वाटत नाही', बस्स, एवढी एकच ओळ. लेखकाने सहा महिने वाट पाहिलेली असते.

भाची : यात आपण एका बाजूला आहोत.

मामा : हार्डीचंही बघ. तू म्हणशील हार्डी गोड बोलला म्हणून रामानुजन घडला. हार्डीच्या 8 फेब्रुवारी 1913 च्या उत्तरात मुख्य मागणी काय होती? सिद्धता. दावे खूप झाले, आता पुरावा दाखव. हे काही पाठ थोपटणं नव्हे.

भाची : मी हार्डीला गोड म्हणणारच नाही. त्याने जे केलं ते गोड बोलण्यापेक्षा अवघड होतं. रामानुजनच्या पत्रात शेकड्याने सूत्रं होती असं धरा...

मामा : शंभरावर होती.

भाची : त्या सगळ्यांवर एक विशेषण ठोकून तो मोकळा झाला नाही. त्याने तीन गट पाडले. काही निष्कर्ष आधीच ठाऊक असलेले किंवा ठाऊक प्रमेयांवरून सहज निघणारे. काही नवे आणि कुतूहल वाटावं असे, पण त्यांचं मोल मुख्यतः अवघडपणात. आणि काही नवे आणि महत्त्वाचे. तिसऱ्या गटात सारं काही तुझ्या सिद्धता किती काटेकोर आहेत यावर अवलंबून, असं बजावलं. अनोळखी कारकुनाच्या पत्राला उत्तर आहे हे! यात स्तुती आहे, नकार आहे आणि मागणीही आहे, पण प्रत्येक शब्द कशाला लागू पडतो ते वाचणाऱ्याला कळतं.

मामा : त्याचा परिणाम इथे मद्रासमध्ये लगेच दिसला, हेही खरं. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर इथे आले होते. त्यांनी फेब्रुवारीअखेर विद्यापीठाला लिहिलं आणि दोन वर्षांसाठी महिना पंचाहत्तर रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती मंजूर झाली. तिची अट काय, तर दर तिमाहीला कामाचा अहवाल द्यायचा. पदवी नसलेल्या माणसाला विद्यापीठाने पैसे दिले ते जाणकारांच्या लिहिलेल्या शब्दांवर.

भाची : तीसचे पंचाहत्तर झाले, आणि 17 मार्च 1914 ला तो मद्रास बंदरातून इंग्लंडला निघाला. शब्दांनी काही होत नाही असं कसं म्हणता?

मामा : होतं. माझा मुद्दा वेगळा आहे. माणूस खंबीर असेल तर वाईट शब्द त्याला संपवत नाहीत. चंद्रशेखरचं काय झालं? प्रेसिडेन्सी कॉलेजचा विद्यार्थी, 1930 मध्ये इंग्लंडला गेला. श्वेतबटू ताऱ्याच्या वस्तुमानाला मर्यादा असते हे त्याने दाखवलं. 11 जानेवारी 1935 ला रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्याने ते मांडलं आणि लगेच एडिंग्टन उठले. त्या काळचे सगळ्यात मोठे खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी थट्टा केली, सभा हसली. चंद्रशेखर तेव्हा चोवीस वर्षांचा. संपला का? 1983 चं नोबेल मिळालं.

भाची : अठ्ठेचाळीस वर्षांनी, मामा! नोबेल मिळालं म्हणून त्या दिवसाचा हिशेब चुकता होत नाही. 1939 मध्ये ताऱ्यांच्या रचनेवरचं पुस्तक लिहून चंद्रशेखरांनी तो विषय बाजूला ठेवला आणि ते दुसऱ्या प्रश्नांकडे वळले. कृष्णविवरांकडे जाणारी वाट होती ती. आणि जे खंबीर नव्हते त्यांची उदाहरणं तुम्ही देऊ शकणार नाही, कारण त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचलीच नाहीत.

मामा : हा मुद्दा मानतो. पण एडिंग्टनकडे युक्तिवादही होता. चुकीचा होता, पण होता.

भाची : होता, आणि त्याला उत्तर देता येत होतं. चंद्रशेखर ते देतही होते. हशाला काय उत्तर देणार? एखाद्या कल्पनेला हास्यास्पद म्हटलं की सभेला वाटतं निकाल लागला. कोणतं समीकरण चुकलं ते कुणी विचारत नाही. रिपोर्टात 'बालिश', 'हास्यास्पद' हे शब्द येतात तेव्हा असंच होतं. संपादक विशेषण वाचतो आणि पायरी तपासायची राहून जाते.

मामा : मला त्या प्रकरणात एडिंग्टनपेक्षा दुसरी गोष्ट जास्त खटकते. चंद्रशेखरने मित्राला, रोझेनफेल्डला कोपनहेगनला लिहिलं. बोर, पाउली अशा भौतिकशास्त्रज्ञांचं, सगळ्यांचं मत चंद्रशेखरच्या बाजूने पडलं. ते खाजगीत सांगितलं गेलं, जाहीर कुणी बोललं नाही. एडिंग्टन निदान उभा राहून बोलला. ज्यांना सत्य ठाऊक होतं त्यांनी ते पाकिटात ठेवलं. माझा कठोरपणाचा आग्रह इथून येतो. सौजन्याच्या नावाखाली माणसं खरं मत गिळतात. तुझं 'समृद्ध होऊ शकेल' त्याच वंशातलं आहे.

भाची : हे लागलं, आणि बरोबर आहे. मी चूक पाहिली आणि ती झाकून लिहिली.

मामा : आणि बघ, ज्याला हे सोसावं लागलं तो चंद्रशेखर 1952 पासून 1971 पर्यंत अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नलचा संपादक होता. एकोणीस वर्षं.  दुसऱ्यांच्या पेपरांचं भवितव्य ठरवायचं काम त्याने आयुष्याची ऐन वर्षं देऊन केलं. रेफरीच्या कामाला दुय्यम मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

भाची : आता माझ्या बाजूचं एक उदाहरण. खरं तर तुमच्याही बाजूचं आहे. जी. एन. रामचंद्रन.

मामा : मद्रास विद्यापीठ, गिंडी कॅम्पस. कोलॅजेन.

भाची : 1952 मध्ये ते तिथे भौतिकीचे प्रमुख झाले, वय तीस. ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ बर्नाल मद्रासला आले असताना कोलॅजेन या प्रथिनाची रचना अजून सुटलेली नाही असं बोलणं झालं. अड्यारच्या चर्मसंशोधन संस्थेतून कांगारूच्या शेपटीच्या स्नायुबंधाचा नमुना मिळाला. त्यावरून क्ष-किरण चित्रं काढून रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 1954 आणि 1955 मध्ये 'नेचर'मध्ये तिहेरी पिळाची रचना मांडली. त्यावर क्रिक आणि रिच या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. आक्षेप असा की या रचनेत काही अणू एकमेकांच्या फार जवळ येतात, इतके की ते तसे राहू शकणार नाहीत.

मामा : तो रेफरी रिपोर्ट नव्हता. छापील लेखातला आक्षेप होता.

भाची : मान्य. पण शब्दांची जात बघा. समोरच्याच्या मुख्य शोधावर घाव आहे आणि तो जराही मऊ केलेला नाही. तुम्हाला हवा तसा. तरीही नेमकं कुठे बिघडलं ते त्यात आहे, अणू-अणूंमधलं अंतर. त्यामुळे रामचंद्रन यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. दोन अणू जास्तीत जास्त किती जवळ येऊ शकतात? त्यांनी तोवर छापलेल्या स्फटिकरचना धुंडाळून ही अंतरं गोळा केली. मग रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासोबत, प्रथिनाच्या साखळीला कोणकोणते पीळ घेता येतात आणि कोणते येत नाहीत, याचा नकाशा काढला. 1963 मध्ये तो प्रसिद्ध झाला.

मामा : रामचंद्रन प्लॉट. आजही प्रथिनाची नवी रचना मांडली की ती त्यावर तपासून बघतात.

भाची : एका नेमक्या आक्षेपातून हे निघालं. समजा क्रिक आणि रिच यांनी लिहिलं असतं की मद्रासच्या मंडळींना रसायन कळत नाही, तर? किंवा माझ्यासारखं, 'रचनेचा पुनर्विचार केल्यास ती अधिक समृद्ध होईल'? दोन्हींतून अंतरं मोजायची कल्पना सुचली नसती.

मामा : म्हणजे तुझं म्हणणं, मऊ की कठोर हा प्रश्नच नाही.

भाची : नाही. शब्द वाचून लेखकाला पुढची कृती सुचते का, हा प्रश्न आहे. मऊ शब्दात धुकं असतं, तिखट शब्दात भिंत असते. दोन्हींत वाट नसते.

मामा : हा वाद या प्रथेइतकाच जुना आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीत 1831 मध्ये व्ह्यूवेलने सुचवलं की आलेल्या लेखांवर जाणकारांचे अहवाल घ्यावेत. पहिला लेख जॉर्ज एअरीचा, पृथ्वी आणि शुक्राच्या गतीवरचा. वाचणारे दोघं, खुद्द व्ह्यूवेल आणि लबक. व्ह्यूवेलला लेखाचं मोल जगाला सांगायचं होतं, लबकला त्यातले दोष दाखवायचे होते. दोघांचं जुळेना. 1832 मध्ये अहवाल छापून आला तो व्ह्यूवेलच्या वळणाचा. पुढे सगळ्या जगात रेफरी म्हटलं की लबकच डोळ्यांपुढे येऊ लागला.

भाची : आणि दोघांचं काम एकाच कागदावर यायला हवं. पेपरात काय टिकतं आणि काय टिकत नाही, दोन्ही. तसं केलं की दुसऱ्या रेफरीने विरुद्ध मत दिलं तरी संपादकाला तुलना करता येते.

मामा : एक राहिलं. भाषा. आपल्या लोकांच्या पेपरांना हमखास येणारी टीप, 'इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे.' मीही ती लिहिली आहे. इंग्रजी इतकं वाईट असतं की गणित दिसत नाही.

भाची : माझ्या पहिल्या पेपरावर ती आली होती. कुठलं वाक्य कळलं नाही ते एकही दाखवलं नव्हतं. आडनाव बघून लिहिलं की पेपर वाचून, हे मला आजही सांगता येणार नाही. भाषेमुळे अर्थ लागत नसेल तर सांगायलाच हवं. पण मग असं सांगा की चौथ्या पानावरच्या 'प्रत्येक' या शब्दाने सगळे बिंदू अभिप्रेत आहेत की एखादा, ते कळत नाही. त्यात मातृभाषेचा संबंध येत नाही. अस्सल इंग्रजही तिथे घोटाळा करू शकतो.

मामा : याला वेळ लागतो. हे काम बिनपैशाचं, वर्गातले तास सांभाळून रात्री करायचं. माणूस एक ओळ लिहून सुटतो त्यात दुष्टपणा नसतो, थकवा असतो. तुझी अपेक्षा योग्य आहे, पण ती पुरी करायची तर संस्थांनी रेफरीचं काम कामात धरलं पाहिजे. आज ते बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत.

भाची : ते बदलायला हवं, आणि त्यासाठी तुमच्यासारख्यांनी बोलायला हवं. तोवर ज्याच्याकडे वेळ नसेल त्याने पेपर घेऊ नये. नाही म्हणणं अप्रामाणिक नाही.

मामा : बरं, वाक्य नव्याने लिही. तोंडी सांग.

भाची : 'तिसऱ्या विभागातील दुसऱ्या लेमात (साहाय्यक प्रमेयात) सीमा बेरजेच्या आत नेली आहे. ती तशी नेता येण्यासाठी एकसमान अभिसरणासारखी अट लागते. तशी अट सिद्ध केलेली नाही, आणि दिलेल्या गृहीतकांवर ही अदलाबदल खरीही नाही. सोबत एक छोटे प्रतिउदाहरण जोडले आहे. मुख्य प्रमेय या लेमावर अवलंबून असल्यामुळे सध्याच्या स्वरूपात ते सिद्ध झालेले नाही.'

मामा : 'सध्याच्या स्वरूपात' ही साखर आहे का?

भाची : नाही, माहिती आहे. गृहीतक थोडं कडक केलं तर लेमा टिकतो, मी करून बघितलं आहे. प्रमेयाची व्याप्ती कमी होईल, पण उरेल तेही नवं आहे. म्हणून पुढची ओळ अशी : 'सहगुणकांवर अधिक कडक अट घातल्यास लेमा टिकतो. त्या मर्यादित रूपातही निष्कर्ष नवा आहे, असे मला वाटते. लेखकांनी ते तपासावे.'

मामा : मी असतो तर पेपर नाकारला असता.

भाची : नाकारा ना. चूक कुठे आहे, तिच्यावर काय उभं आहे आणि त्यातून काय वाचतं, या माझ्या रिपोर्टातल्या तीन गोष्टी वाचून संपादक नकारही देऊ शकतो आणि मोठी दुरुस्तीही मागू शकतो. दोन्हींत लेखकाला कळेल की असं का झालं.

मामा : 'सिद्ध झालेले नाही' हे शब्द तसेच ठेव. पाठवायच्या वेळी हात थरथरला तरी 'अधिक स्पष्टता अपेक्षित' असं काही करू नकोस. आणि खाली संपादकासाठी गोपनीय रकाना असेल. तिथे काय लिहिणार आहेस?

भाची : शिफारस मोठ्या दुरुस्तीची, आणि कारण वर दिलेलंच.

मामा : बस्स. वर लेखकाला जे लिहिलंस त्याहून वेगळा एक शब्दही तिथे जाता कामा नये. जे त्याच्या तोंडावर सांगायची तुझी तयारी नाही, ते त्याच्या पाठीमागे सांगायचा तुला हक्क नाही.